ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुद

स्त्रीच्या अंडकोशात (अंडाशयात) वाढणाऱ्या अंड्याभोवती ज्या कोशिकांचे वेष्टन असते त्यांना ग्रॅन्युलोझा कोशिका म्हणतात. त्यांच्यापासून उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदाला, म्हणजे अनिर्बंध वाढणाऱ्या व शरीरात अन्यत्र पसरू शकणाऱ्या गाठीला, ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुद ही संज्ञा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या कोशिकांचा थर बारीक कण पसरल्यासारखा दिसतो म्हणून ‘कण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. अंडकोशाच्या सर्व कर्करोगांत याचे प्रमाण केवळ २ ते ५ टक्के आहे. अंडकोशाचा कर्करोग या नावाने सामान्यतः जो रोग ओळखला जातो तो अभिस्तर कोशिकांचा (पृष्ठभाग आच्छादणाऱ्या कोशिकांचा) असून तो झपाट्याने उदरात पसरतो व बहुधा उशिराच लक्षात येतो. ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुदाची प्रकृती जवळजवळ सर्व बाबतींत याच्या उलट आहे. ते मंद गतीने वाढते, हॉर्मोने निर्माण करून आपल्या अस्तित्वाची सूचना देते, दहांपैकी सु. आठ रुग्णांत एकाच अंडकोशापुरते मर्यादित असताना सापडते आणि शस्त्रक्रियेने बरे झाल्यासारखे वाटल्यावर दहा, वीस, क्वचित तीसहून अधिक वर्षांनीही पुन्हा उद्‌भवू शकते.

या अर्बुदाचे प्रौढ प्रकार व बाल प्रकार असे दोन भेद आहेत. सु. ९५ टक्के अर्बुदे प्रौढ प्रकारची असतात व ती मुख्यतः ऋतुनिवृत्तीच्या (मासिक पाळी कायमची बंद होण्याच्या) सुमारास, ५० ते ५५ या वयात अधिक आढळतात. बाल प्रकार मुलींत व तिशीच्या आतील तरुण स्त्रियांत होतो. पुढील विवेचन, वेगळा उल्लेख नसेल तेथे, प्रौढ प्रकाराविषयी आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात अंडकोशाच्या कर्करोगाचे एका वर्षात सु. ४७,००० नवे रुग्ण होते. वर दिलेले प्रमाण त्यांस लावल्यास या अर्बुदाचे एक ते दोन हजार रुग्ण होतात. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान आहे व जिल्ह्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या स्त्रीरोगतज्ञाला सबंध आयुष्यात असे दोनचारच रुग्ण पाहावयास मिळतात. रोगाच्या विरळपणामुळे अनुभव साठत नाही, ही याच्या चिकित्सेतील मूळ अडचण आहे.

इतिहास : व्हिएन्ना येथील विकृतिवैज्ञानिक कार्ल फोन रोकिटान्स्की यांनी १८५५ मध्ये या अर्बुदाचे पहिले वर्णन केले, असे मानतात. एमा कॉल या अमेरिकन तरुण डॉक्टर स्त्रीने व सिग्मुंड एक्सनर यांनी १८७५ मध्ये सशाच्या अंडकोशाचा अभ्यास करताना ग्रॅन्युलोझा कोशिकांच्या कोंडाळ्यात मधोमध द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या पाहिल्या. त्यांना ‘कॉल-एक्सनर पिंड’ म्हणतात. असे पिंड अर्बुदातही आढळतात व आजही विकृतिवैज्ञानिक निदानासाठी प्रथम तेच शोधतात. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे नुकतीच उघडू लागली होती त्या काळी एका स्त्रीचे नाव अशा रीतीने स्त्रीरोगविज्ञानात कायमचे राहिले, हे नमूद करण्याजोगे आहे. अर्बुदाचे प्रचलित नाव १९१४ मध्ये फोन व्हेर्ट यांनी दिले.

ग्रॅन्युलोझा कोशिकांचे प्राकृत कार्य : हे अर्बुद समजण्यासाठी या कोशिका निरोगी अवस्थेत काय करतात ते पाहणे आवश्यक आहे, कारण अर्बुद बनल्यावरही त्या आपले मूळचे काम सोडत नाहीत. अंडकोशातील प्रत्येक अंडे पुटक नावाच्या सूक्ष्म पिशवीत असते. पुटकाच्या बाहेरच्या थरातील कोशिका पुरुष-हॉर्मोनांच्या जातीचे पदार्थ तयार करतात आणि आतील ग्रॅन्युलोझा कोशिका ॲरोमाटेज या एंझाइमाच्या साहाय्याने त्यांचे ईस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनात रूपांतर करतात. या कामासाठी त्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून पुटकोद्दीपक हॉर्मोनाची आज्ञा मिळावी लागते. आज्ञा पुरे झाली हे कळविण्यासाठी ग्रॅन्युलोझा कोशिका इन्हिबिन नावाचे प्रथिन रक्तात सोडतात व त्यामुळे पोष ग्रंथीचे उद्दीपन थांबते. थोडक्यात, शेतास पाणी पुरेसे झाले की मोट थांबविण्याची सोय जशी असावी तशी ही परस्परनियंत्रणाची व्यवस्था आहे.

ही व्यवस्था बिघडली तर काय होते हे १९४४ मध्ये बिस्किंड बंधूंनी उंदरांवरील (घुशीच्या जातीच्या प्रयोगशालेय उंदरांवरील) एका साध्या प्रयोगाने दाखविले. त्यांनी अंडकोश काढून त्याचे प्लीहेत (पाणथरीत) रोपण केले. प्लीहेतील रक्त प्रथम यकृतात जाते व तेथे ईस्ट्रोजेन नष्ट होते. त्यामुळे ते पोष ग्रंथीपर्यंत पोहोचतच नाही. अंडकोश निष्क्रिय आहे अशा समजुतीने पोष ग्रंथी उद्दीपक हॉर्मोनांचा सतत मारा करीत राहिली आणि रोपण केलेल्या अंडकोशात ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुदे निर्माण झाली. इन्हिबिनाचा जीन काढून टाकलेल्या उंदरांतही अशाच जातीची अर्बुदे होतात, असे १९९२ मध्ये मार्टिन मॅट्‌झुक यांच्या गटास आढळले. तथापि मानवी अर्बुदाचे कारण केवळ अतिउद्दीपन नाही. ऋतुनिवृत्तीनंतर प्रत्येक स्त्रीत पुटकोद्दीपक हॉर्मोन वाढते, परंतु हे अर्बुद लाखांत एखादीलाच होते. खरे कारण जीनात आहे व त्याचा विचार पुढे केला आहे.

इन्हिबिन या पदार्थाशी मुंबईचाही संबंध आला होता. परळ येथील जननविषयक संशोधन संस्थेत १९७०–९० या काळात त्याचा पुष्कळ अभ्यास झाला. तेथे वीर्यद्रवातून वेगळे केलेले व १९८४ मध्ये वर्णिलेले प्रथिन पुढे निराळेच ठरले. अंडकोशातील पुटकद्रवापासून १९८५ मध्ये अन्य देशांतील प्रयोगशाळांनी मिळविलेले प्रथिन हेच आज इन्हिबिन म्हणून ओळखले जाते. १९८९ मध्ये नेदर्लंड्समधील लापून व त्यांचे सहकारी यांनी ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुद असलेल्या स्त्रियांच्या रक्तात हे प्रथिन वाढलेले असते, शस्त्रक्रियेनंतर ते घटते व रोग परतू लागला की लक्षणे दिसण्यापूर्वीच पुन्हा वाढते, असे दाखवून दिले. निरोगी स्त्रीत ऋतुनिवृत्तीनंतर इन्हिबिन जवळजवळ नाहीसे होत असल्याने त्या वयात त्याची अल्प वाढही अर्थपूर्ण ठरते.

लक्षणे : अर्बुदातून पाझरणाऱ्या ईस्ट्रोजेनामुळे गर्भाशयाचे अंतःस्तर जाड होते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत ती अनियमित व अतिस्रावी होते किंवा काही महिने बंद पडून मग जोराचा रक्तस्राव होतो. ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रीत वर्षानुवर्षे बंद असलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. भारतीय स्त्रियांत ऋतुनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ आहे. पन्नाशीनंतर पुन्हा ‘पाळी आली’ तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पुष्कळदा ते उष्णतेचे किंवा अशक्तपणाचे लक्षण मानतात व काही ठिकाणी तारुण्य टिकल्याची खूण म्हणून त्याचे कौतुकही होते. प्रत्यक्षात हे लक्षण केव्हाही दुर्लक्षिण्यासारखे नसते. ईस्ट्रोजेनाच्या दीर्घ परिणामाने काही रुग्णांत (सु. ५ ते १० टक्के) गर्भाशयाच्या अंतःस्तराचाही कर्करोग जोडीने झालेला आढळतो. लहान मुलींत चारपाच वर्षांच्या वयात स्तनांची वाढ व रक्तस्राव अशी अकाली यौवनाची चिन्हे दिसतात. याखेरीज पोट फुगणे, ओटीपोटात जडपणा वाटणे ही लक्षणे असतात. गाठ रक्तवाहिन्यांनी समृद्ध व ठिसूळ असल्यामुळे ती एकाएकी फुटून पोटात रक्तस्राव होतो व रुग्ण तातडीच्या अवस्थेत रुग्णालयात येते, असेही काही वेळा घडते.

रक्तस्रावाच्या तक्रारीवर कारण न शोधता गर्भाशय काढून टाकण्याची पद्धत महाराष्ट्राच्या काही भागांत रूढ झाली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांबाबत राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत सु. ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. त्यांपैकी अगदी थोड्यांनाच असे अर्बुद असण्याचा संभव असला, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रथेचा दोष दुहेरी आहे. रक्तस्रावाचे कारण अंडकोशात असेल तर ते तसेच राहते, आणि गर्भाशयच नसल्याने पुढे रक्तस्रावाची सूचनाही मिळत नाही. काढलेला अवयव विकृतिवैज्ञानिकाकडे न पाठविता फेकून दिला जात असेल, तर रोग कळण्याचा उरलेला मार्गही बंद होतो.

निदान : श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत एका बाजूच्या अंडकोशात भरीव व द्रवयुक्त भाग मिसळलेली मोठी गाठ दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा व्यास सरासरी १० सेंमी. च्या आसपास भरतो. कापल्यावर ती पिवळसर व जागोजाग रक्ताळलेली असते. बाहेरून सुई घालून गाठीचा तुकडा काढणे टाळतात, कारण कोशिका उदरात सांडल्यास रोगाची अवस्था पालटते. सूक्ष्मदर्शकाखाली कोशिकांच्या केंद्रकावर कॉफीच्या बीवर असते तशी उभी खाच दिसते. ही खाच व कॉल-एक्सनर पिंड स्पष्ट असल्यास निदान सोपे असते. परंतु कोशिकांची मांडणी पुटकांसारखी, दोऱ्यांसारखी, बेटांसारखी किंवा नुसतीच विस्कळीत अशी नाना प्रकारची असू शकते. त्यामुळे पूर्वी काही साधी अर्बुदे, तसेच अंडकोशाचे अन्य कर्करोगही, या नावाखाली मोडत आणि ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुदे दुसऱ्या नावांखाली नोंदली जात. जुन्या ग्रंथांतील रुग्णसंख्या व आयुर्मर्यादेचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. इन्हिबिनाबरोबरच म्यूलर-नलिकारोधी हॉर्मोनाचेही रक्तातील प्रमाण मोजतात.

रेणवीय जीवविज्ञान : २००९ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथील शास्त्रज्ञांनी प्रौढ प्रकारच्या चार अर्बुदांतील सर्व कार्यरत जीनांचे अक्षरशः वाचन केले. चारही अर्बुदांत एकच बदल नेमक्या त्याच ठिकाणी आढळला. मग त्यांनी रुग्णालयांत मेणात जतन केलेली जुनी अर्बुदे तपासली. प्रौढ प्रकारच्या आणखी ८९ अर्बुदांपैकी ८६ मध्ये तो बदल होता. बाल प्रकारच्या दहा अर्बुदांपैकी एकीतच तो आढळला व अंडकोश आणि स्तन यांच्या अन्य जातींच्या ३२९ अर्बुदांपैकी एकातही नव्हता. कर्करोगांत सामान्यतः शेकडो उत्परिवर्तने (जीनांतील आकस्मिक बदल) रुग्णागणिक निरनिराळी असतात. जवळजवळ प्रत्येक रुग्णात तोच एक बदल असणारा दुसरा घन कर्करोग शोधूनही क्वचितच सापडेल.

हा बदल फॉक्सएल२ या जीनात असतो. तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असलेल्या या जीनापासून ३७६ ॲमिनो अम्लांचे एक प्रथिन बनते. ते डीएनएला चिकटून इतर जीनांना चालू वा बंद करते, म्हणजे ते एक नियंत्रक प्रथिन आहे. जीनाच्या ४०२ व्या स्थानावर सायटोसीन या घटकाऐवजी ग्वानीन येते आणि त्यामुळे प्रथिनातील १३४ व्या स्थानी सिस्टीनाऐवजी ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्ल बसते. जीनाच्या दोन प्रतींपैकी बहुधा एकाच प्रतीत हा फेर असतो. दुसरी प्रत निर्दोष असूनही रोग होतो यावरून बदललेले प्रथिन केवळ निकामी झालेले नसून त्याला काही नवी शक्ती आलेली असावी, असा तर्क होता व तो पुढे खरा ठरला.

फॉक्सएल२ ची ओळख कर्करोगाच्या आधी दोन अगदी वेगळ्या वाटांनी झाली होती. पापण्या जन्मतः अरुंद व लोंबत्या असणाऱ्या आणि काही कुटुंबांत त्याबरोबरच स्त्रियांची पाळी तरुणपणीच बंद पडणाऱ्या एका आनुवंशिक विकृतीचे कारण म्हणून हा जीन २००१ मध्ये इटलीतील संशोधकांनी शोधला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये शेळ्यांवरील संशोधनातून दुसरा दुवा मिळाला. शिंगे नसलेल्या शेळ्यांचा शिंगे नसलेल्या बोकडांशी संकर केल्यास काही माद्या वंध्य व नरासारख्या निपजतात, हे युरोपातील शेळीपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण फॉक्सएल२ च्या शेजारील डीएनएचा सु. १२ हजार घटकांचा तुकडा गळालेला असणे हे निघाले. यानंतर २००९ मध्ये, म्हणजे अर्बुदातील शोध लागला त्याच वर्षी, प्रौढ मादी उंदरांच्या अंडकोशातून हा जीन काढून टाकण्यात आला, तेव्हा ग्रॅन्युलोझा कोशिका पालटून वृषणातील कोशिकांसारख्या झाल्या. अंडकोश एकदा घडला की आपोआप अंडकोशच राहतो असे नाही. त्याला तसे ठेवण्याचे काम फॉक्सएल२ आयुष्यभर करीत असते. त्या कोशिकेची ओळख राखणाऱ्या जीनातच दोष उत्पन्न झाल्यामुळे हे उत्परिवर्तन अन्य कोणत्याही अवयवाच्या कर्करोगात का आढळत नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

बदललेले प्रथिन नेमके काय करते याचे उत्तर २०२० नंतरच्या संशोधनातून मिळू लागले. कोशिकेबाहेरील वाढविषयक संदेश केंद्रकात पोहोचविणारी ‘स्मॅड’ नावाची प्रथिने असतात. नेहमीच्या फॉक्सएल२ पेक्षा बदललेले प्रथिन स्मॅड प्रथिनांना, विशेषतः स्मॅड-४ ला, वेगळ्या रीतीने बरोबर घेते. ही जोडी डीएनएवरील ज्या जागा एरवी बंद असतात तेथे जाऊन बसते व तेथील जीन जागे करते. सरकारी हुकूम पोहोचविणारा जासूद वाटेतच दुसऱ्याने आपल्याकडे वळवून घ्यावा, तसा हा प्रकार आहे. हेच उत्परिवर्तन उंदरांच्या जीनात घडवून आणल्यास त्यांच्या अंडकोशात ग्रॅन्युलोझा-कोशिका अर्बुदे होतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे हा बदल रोगाचा केवळ सोबती नसून कारण आहे, याविषयी शंका उरलेली नाही.

परतलेल्या अर्बुदांत याच्या जोडीला इतर बदल अधिक प्रमाणात आढळतात. गुणसूत्रांची टोके झिजू न देणाऱ्या टेलोमरेज या एंझाइमाच्या जीनाचा प्रारंभक भाग बदललेला असणे, तसेच केएमटी२डी या जीनातील बिघाड, ही त्यांची उदाहरणे होत. बाल प्रकाराचे मूळ मात्र वेगळे आहे. त्यात एकेटी१ या वाढीच्या संदेशमार्गातील जीनाच्या काही भागाची पुनरावृत्ती झालेली बऱ्याच अर्बुदांत आढळते. एकाच नावाचे हे दोन प्रकार वस्तुतः दोन निराळे रोग आहेत असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

रुग्णाच्या कुटुंबीयांच्या मनात नेहमी येणारा प्रश्न आनुवंशिकतेचा असतो. फॉक्सएल२ चे हे उत्परिवर्तन फक्त अर्बुदाच्या कोशिकांत घडलेले असते. रक्तातील वा अन्य ऊतकांतील कोशिकांत ते नसते. म्हणून ते आईकडून मुलीकडे जात नाही व या अर्बुदासाठी रुग्णाच्या मुलींची वा बहिणींची आनुवंशिक तपासणी करण्याचे सामान्यतः कारण नसते. अभिस्तर कर्करोगाच्या बाबतीत ‘ब्राका’ जीनांमुळे परिस्थिती वेगळी आहे. तेथील सल्ला येथे लागू करणे चूक होय.

चिकित्सा : मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीत रोग एका अंडकोशापुरता मर्यादित असेल, तर तो अंडकोश व त्या बाजूची अंडवाहिनी एवढेच काढतात. दुसरा अंडकोश व गर्भाशय राखतात. अशा वेळी गर्भाशयाच्या अंतःस्तराचा नमुना तपासणे अगत्याचे असते. अपत्यप्राप्ती झालेल्या व ऋतुनिवृत्त स्त्रीत गर्भाशयासह दोन्ही अंडकोश काढतात. रसग्रंथींत (लसीका ग्रंथींत) हा रोग प्रारंभी क्वचितच जातो. म्हणून त्या सर्रास काढण्याची आवश्यकता नसते. गाठ अखंड बाहेर काढणे हे शस्त्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. ती फुटल्यास पुनरुद्भवाचा धोका वाढतो. पहिल्या अवस्थेतील अखंड काढलेल्या गाठीनंतर अन्य औषधोपचाराची गरज नसते व पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया जिवंत असतात.

पसरलेल्या वा परतलेल्या रोगात शक्य असेल तेथे पुन्हा शस्त्रक्रियाच करतात. मंद गतीच्या या रोगात दोनतीन व त्याहून अधिक वेळा शस्त्रक्रिया करूनही रुग्णास अनेक वर्षांचे चांगले आयुष्य लाभलेले दिसते. रासायनी चिकित्सेत ब्लिओमायसीन, इटोपोसाइड व सिसप्लॅटिन या तीन औषधांची योजना दीर्घकाळ प्रचलित होती. ब्लिओमायसिनाने फुप्फुसांस इजा होत असल्याने वयस्क रुग्णांत ती जपून वापरावी लागते. तिच्याशी तुलना करता कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल यांची जोडी अधिक गुणकारी ठरली नसली, तरी सुसह्य ठरली व आता पुष्कळ ठिकाणी तीच देतात. मुळात जलद विभाजन होणाऱ्या कोशिकांवर चालणारी ही औषधे सावकाश वाढणाऱ्या अर्बुदावर मर्यादितच परिणाम करतात. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबाकडून मोठी आशा होती. युरोप व जपानमधील ६० रुग्णांवरील चाचणीत (निष्कर्ष २०२०) सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेल्या स्त्रियांचे प्रमाण पॅक्लिटॅक्सेल एकट्याने ७१ टक्के व दोन्ही मिळून ७२ टक्के निघाले.

अर्बुद हॉर्मोने तयार करते तर हॉर्मोनविरोधी औषधांनी ते आटोक्यात यावे, हा विचार स्वाभाविक आहे. ॲरोमाटेजरोधी लेट्रोझोल व ॲनास्ट्रोझोल या गोळ्या स्तनकर्करोगावर रूढ असून भारतात तयार होतात व स्वस्त आहेत. तुरळक रुग्णांच्या वृत्तांतांत त्यांचे गुण फार वाखाणले गेले होते. ॲनास्ट्रोझोलाची पद्धतशीर चाचणी झाली (२०२१) तेव्हा सु. चारपंचमांश रुग्णांत बारा आठवडे रोगाची वाढ थांबलेली आढळली. परंतु गाठ लक्षणीय रीत्या लहान झालेल्या रुग्णांचे प्रमाण दहांत एक एवढेच होते. गुण आलेले रुग्ण छापले जातात व न आलेले छापले जात नाहीत, हा विरळ रोगांच्या वाङ्‌मयाचा नेहमीचा दोष येथे उघड झाला. तरीही विषारी परिणाम कमी असल्यामुळे वृद्ध व थकलेल्या रुग्णांत या गोळ्यांना स्थान आहे.

फॉक्सएल२ वर थेट चालणारे औषध मात्र अद्याप नाही. ज्या प्रथिनांत औषधाचा रेणू जाऊन बसेल अशी खोबण असते त्यांना रोखणे तुलनेने सोपे असते. डीएनएला चिकटणाऱ्या नियंत्रक प्रथिनांत अशी सोय बहुधा नसते. एका अक्षराच्या शोधाने निदान निःसंदिग्ध केले, चिकित्सा अजून तेथवर पोहोचलेली नाही.

पुनरुद्भव व दीर्घकालीन देखरेख : सु. २० ते ३० टक्के रुग्णांत रोग परत येतो. परतण्याचा मध्यम काळ चार ते सहा वर्षे असला, तरी कित्येक पुनरुद्भव दहा वर्षांनंतरचे असतात. कर्करोगात पाच वर्षे निरोगी गेली की रुग्ण बरा झाला, हा जो संकेत समाजात व वैद्यकातही रुजला आहे तो या अर्बुदास लागू पडत नाही. पंचविशीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीवर नातवंडे होईपर्यंत देखरेख ठेवावी लागते. सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा शारीरिक तपासणी, रक्तातील इन्हिबिनाचे मापन आणि गरजेप्रमाणे श्राव्यातीत तपासणी एवढेच तिचे स्वरूप असते. काही रुग्णांच्या रक्तद्रवात अर्बुदातून सुटलेला, उत्परिवर्तन असलेला डीएनए ओळखता येतो. पुढेमागे ही तपासणी देखरेखीसाठी उपयोगी पडेल, असे दिसते.

तपासण्या साध्या असल्या तरी इतका दीर्घ काळ त्या चालू ठेवणे ही गोष्ट साधी नाही. दरम्यान स्त्रीचे लग्न होते, गाव व आडनाव बदलते, उपचार करणारा डॉक्टर निवृत्त होतो, कागद पावसात भिजतात. स्वतःला काही त्रास नसताना कोकणातून वा विदर्भातून मुंबईस दरवर्षी येण्याचा खर्च व मजुरीचा खाडा कुटुंबाला अनाठायी वाटू लागतो. म्हणून येथे चिकित्सेचे यश शस्त्रक्रियाविशारदाच्या कौशल्याइतकेच नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेवर अवलंबून असते.

महाराष्ट्रात या दृष्टीने संस्थात्मक पाया बराच जुना आहे. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी तेथील विकृतिविज्ञान प्रयोगशाळा उभारली. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन होऊन खानोलकर त्याचे संचालक झाले. याच केंद्रात कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी उंदरांतील स्तनकर्करोग व हॉर्मोने यांच्या संबंधावर काम केले. हॉर्मोनांवर अवलंबून असणाऱ्या अर्बुदांचा भारतातील प्रायोगिक अभ्यास तेथून रुजला. रुग्णालय व संशोधन केंद्र १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्र म्हणून एकत्र आले. परळची जागा अपुरी पडू लागल्यावर संशोधन विभाग २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हलविण्यात आला. तेथील टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेली ही संस्था कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण यांचे प्रगत केंद्र (‘ॲक्ट्रेक’) म्हणून ओळखली जाते. अंडकोशाच्या कर्करोगात औषधांना प्रतिकार कसा निर्माण होतो हा तेथील एक अभ्यासविषय आहे. स्त्रिया व मुले यांच्या कर्करोगासाठी उभारलेली रुग्णालयाची इमारत तेथे मे २०२३ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आली.

लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ पासून व ग्रामीण भागात बार्शी येथे १९८७ पासून होत आहे. बार्शीच्या नोंदणीत रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जाऊन चौकशी करतात. दशकानुदशकांच्या देखरेखीसाठी हीच पद्धत उपयुक्त ठरण्यासारखी आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे (नॅशनल कॅन्सर ग्रिड) लहान शहरांतील डॉक्टरांना विरळ अर्बुदांविषयी मोठ्या केंद्रांतील तज्ञांचे मत मिळू शकते व वर्षातून एकदाची तपासणी रुग्णाच्या गावाजवळ होऊ शकते.

यातही एक लहान वस्तू विशेष मोलाची आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे तुकडे फॉर्मालिनात टिकवून मेणाच्या ठोकळ्यात (पॅराफीन ब्लॉक) बसवितात व त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा ठोकळा कोरड्या, थंड जागी अनेक वर्षे टिकतो व त्यातील डीएनए पुढे तपासता येतो. १९९० साली काढलेल्या व त्या वेळी दुसऱ्याच नावाने नोंदलेल्या गाठीचे खरे स्वरूप आज फॉक्सएल२ च्या तपासणीने ठरविता येते. वीस वर्षांनी पोटात नवी गाठ आली, तर ती जुन्याच रोगाची की वेगळ्या कर्करोगाची हेही कळते व त्यावर उपचाराची दिशा अवलंबून असते. भारतात रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना ठोकळा बहुधा नातेवाइकांच्या हाती दिला जातो आणि अनेकदा तो परत येत नाही. लहान रुग्णालये व खाजगी प्रयोगशाळा जागेअभावी काही वर्षांनी ठोकळे नष्ट करतात. या अर्बुदाचे निदान झालेल्या रुग्णाने शस्त्रक्रियेचा अहवाल, विकृतिविज्ञानाचा अहवाल व ठोकळ्याचा क्रमांक या तीन गोष्टी घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवाव्यात आणि ठोकळा नष्ट करण्यापूर्वी प्रयोगशाळेने रुग्णास कळवावे.